बेळगावातून विमानानं किती लांब, किती वेळ? घरबसल्या हिशोब करायची पद्धत

‘बेळगाव ते बेंगळूर विमानानं किती वेळ लागतो?’ या प्रश्नाला आपल्याकडं तीन उत्तरं मिळतात. तिकीट काढून देणारा सांगतो सव्वा तास. कालच जाऊन आलेला शेजारी सांगतो, पाच-सहा तास गेले की. आणि मोबाईलवर अंतर बघून जेटच्या वेगानं भागणारा इंजिनिअरिंगचा पोरगा सांगतो अर्धा तास. तिघंही खरं बोलतात. पोरगा हवाई अंतराबद्दल बोलतोय, एजंट उड्डाणाच्या वेळेबद्दल आणि शेजारी घराच्या दारापासून मुक्कामाच्या दारापर्यंतच्या वेळेबद्दल.

हे तीन हिशोब वेगवेगळे करायला शिकलं की तिकीट कुठून काढायचं हे कळतं. आणि सीमाभागात हा प्रश्न साधा नाही. बेळगावचा सांबरा, हुबळी, कोल्हापूर आणि गोव्यातले दाभोळी आणि मोपा असे पाच विमानतळ आपल्या भोवती आहेत. निपाणीकराला सोयीचा विमानतळ खानापूरकराला सोयीचा असेलच असं नाही. त्यामुळं ‘सगळे सांबऱ्याहून जातात, आपणही जाऊ’ किंवा ‘गोव्याहून स्वस्त मिळतंय’ एवढ्यावर ठरवू नका. कागद-पेन घ्या, मोबाईल घ्या, दहा मिनिटांचं काम आहे.

पहिली पायरी: हवाई अंतर काढा

हवाई अंतर म्हणजे जमिनीच्या गोलाईवरून मोजलेलं दोन ठिकाणांमधलं सर्वांत कमी अंतर. ते शहरापासून नाही, विमानतळापासून मोजायचं. सोपा मार्ग गुगल मॅप्सचा. संगणकावर सांबरा विमानतळाच्या धावपट्टीवर माऊसचं उजवं बटण दाबा, अंतर मोजायचा पर्याय निवडा आणि दुसऱ्या विमानतळावर क्लिक करा. मोबाईलवर बोट दाबून धरलं की पिन पडते, तिच्या माहितीत तोच पर्याय मिळतो. ‘दिशा’ दाबू नका, त्यात रस्त्याचं अंतर येतं.

पण एकदा तरी हाताने काढून बघा. त्यासाठी अक्षांश-रेखांश लागतात, तेही याच नकाशात दिसतात. सांबरा १५.८६ उत्तर, ७४.६२ पूर्व. बेंगळूरचा केंपेगौडा विमानतळ १३.२० उत्तर, ७७.७१ पूर्व.

अक्षांशांतला फरक २.६६. अक्षांशाचा एक अंश म्हणजे साधारण १११ किलोमीटर, म्हणून उत्तर-दक्षिण फरक झाला २९५ किलोमीटर.

रेखांशांतला फरक ३.०९. रेखांश ध्रुवांकडं जाताना एकमेकांजवळ येत जातात, म्हणून इथं १११ धरून चालत नाही. दोन्ही शहरांचा मधला अक्षांश घ्यायचा आणि १११ ला त्याच्या कोसाइननं गुणायचं. कोसाइन नको असेल तर एवढं लक्षात ठेवा: दक्षिणेत बेंगळूर-हैदराबादपर्यंत १०७ धरा, मुंबईसाठी १०६ आणि दिल्लीसाठी १०३. इथं ३.०९ गुणिले १०७ म्हणजे ३३१ किलोमीटर.

आता शाळेतला पायथागोरस. २९५ चा वर्ग अधिक ३३१ चा वर्ग, त्याचं वर्गमूळ सुमारे ४४३. नेमक्या सूत्रानं ४४४ येतात. एका किलोमीटरची चूक आपल्याला चालते.

याच पद्धतीनं सांबऱ्याहून मुंबई सुमारे ४०३ किलोमीटर येते, हैदराबाद ४३५, पुणे ३१० आणि दिल्ली १,४३०. रस्त्यानं मुंबई आणि बेंगळूर दोन्ही पाचशेच्या आसपास, म्हणून आपण दोन्ही ‘एक रात्रीचा प्रवास’ म्हणतो. हवेतून मात्र मुंबई थोडी जवळ आहे.

ही पायथागोरसची युक्ती देशाबाहेर चालत नाही. लंडन-अमेरिकेसाठी पृथ्वीची गोलाई धरावीच लागते. तिथं ग्रेट सर्कल मॅपर या संकेतस्थळावर दोन विमानतळांचे कोड टाका, अंतरही मिळतं आणि मार्गाची वाकडी रेघही दिसते. ती वाकडी रेघच खरी सरळ. सपाट नकाशावर पट्टी ठेवून मारलेली रेघ लांबची असते. बेंगळूर ते सॅन फ्रान्सिस्को हे सरळ अंतर सुमारे १४,००० किलोमीटर भरतं आणि त्याची रेघ उत्तर ध्रुवाकडं झुकते. जानेवारी २०२१ मध्ये एअर इंडियाच्या महिला वैमानिकांनी सॅन फ्रान्सिस्कोहून बेंगळूरला विमान आणलं ते ध्रुवावरूनच.

कोड टाकताना सावध राहा. बेळगावचा आयएक्सजी, हुबळीचा एचबीएक्स, कोल्हापूरचा केएलएच. गोव्याचे दोन: दाभोळीचा जीओआय आणि मोपाचा जीओएक्स. मुंबईचंही आता तसंच झालंय. ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं, त्याचा कोड एनएमआय. तिकिटावर ‘मुंबई’ बघून खूश होऊ नका, कोड वाचा. दादरच्या काकांकडं जाणाऱ्याला नवी मुंबईच्या उलव्यात उतरवलं तर वाचलेला वेळ टॅक्सीत जाईल. पनवेलला जायचं असेल तर तेच उलट.

दुसरी पायरी: विमान सरळ जात नाही, तेवढी भर घाला

सांबऱ्याच्या धावपट्टीला ०८ आणि २६ असे दोन आकडे आहेत. आकड्याला दहानं गुणलं की दिशा मिळते: ८० अंश म्हणजे जवळपास पूर्व, २६० म्हणजे जवळपास पश्चिम. विमान शक्यतो वाऱ्याच्या तोंडावर उडवतात. पावसाळ्यात वारा पश्चिमेचा, म्हणून बेंगळूरला म्हणजे आग्नेयेला जाणारं विमानही आधी बेळगाव शहराकडं तोंड करून उडतं आणि मग वळतं. खिडकीत बसलेल्याला वाटतं हे गोव्याला निघालं की काय.

त्यानंतर आखलेले हवाई मार्ग, हवाई दल आणि नौदलाच्या ताब्यातलं आकाश आणि पोचल्यावर उतरण्याची रांग. मुंबईच्या जुन्या विमानतळाच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळं दोन्ही एकाच वेळी पूर्ण वापरता येत नाहीत. गर्दीच्या वेळी घिरट्या ठरलेल्या. बेंगळूरला दोन समांतर धावपट्ट्या आहेत, दुसरी डिसेंबर २०१९ मध्ये सुरू झाली, त्यामुळं तिथं हा त्रास कमी.

पाचशे किलोमीटरच्या आतल्या प्रवासाला मी हवाई अंतरावर दहा टक्के चढवतो, मुंबईला जरा जास्त. दिल्लीसारख्या लांबच्या प्रवासाला सहा टक्के पुरतात, कारण वळणाचे किलोमीटर तेवढेच राहतात आणि एकूण अंतर वाढतं. म्हणजे बेंगळूरचे ४४४ झाले सुमारे ४९०.

तिसरी पायरी: विमान कुठलं ते बघा

तिकिटाच्या तपशिलात विमानाचा प्रकार लिहिलेला असतो. आपल्याकडच्या मार्गांवर तीन जाती दिसतात. एटीआर ७२ हे पंख्याचं विमान, वेग ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास. एम्ब्राएर हे लहान जेट. आणि एअरबस ए३२० हे मोठं जेट, उंचीवर पोचल्यावर ताशी ८३० वगैरे.

आता गंमत बघा. जेटचा वेग दीडपटीहून जास्त, मग बेंगळूरला दोन-तृतीयांशापेक्षा कमी वेळात जायला हवं. तसं होत नाही. एवढ्या छोट्या प्रवासात जेट पूर्ण उंची गाठून स्थिरावतंय तोवर उतरायची वेळ येते. म्हणून छोट्या अंतराला जेटचा सरासरी वेग ७०० धरा, एटीआरचा ४८०. लांबच्या प्रवासाला जेटचा ८०० धरला तरी चालतो.

चौथी पायरी: उड्डाणाची वेळ मांडा

तिकिटावरची वेळ ही हवेतली वेळ नसते. विमान उभ्या जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या विमानतळावर थांबेपर्यंतचा तो वेळ, त्याला ब्लॉक टाइम म्हणतात. धावपट्टीपर्यंत जाणं, रांगेत थांबणं, उतरल्यावर पार्किंगपर्यंत येणं सगळं त्यात आलं. सांबऱ्यात हे काम पटकन उरकतं, बेंगळूर-मुंबईत उरकत नाही. दोन्हीकडचं मिळून अर्धा तास धरा, एटीआरला पंचवीस मिनिटं.

बेंगळूर एटीआरनं: ४९० भागिले ४८० म्हणजे एक तास, अधिक पंचवीस मिनिटं, सुमारे १ तास २५ मिनिटं. जेटनं: ४९० भागिले ७०० म्हणजे ४२ मिनिटं, अधिक अर्धा तास, १ तास १० ते १५ मिनिटं. बचत किती, तर दहा-पंधरा मिनिटं. त्यासाठी हजार रुपये जास्त मोजावेत का ते तुम्ही ठरवा. मी मोजणार नाही.

दिल्ली: १,४३० वर सहा टक्के म्हणजे सुमारे १,५१५. भागिले ८०० म्हणजे १ तास ५४ मिनिटं, अधिक अर्धा तास, जवळपास अडीच तास.

कंपन्या वेळापत्रकात थोडी ढील ठेवतात, म्हणून विमान कधी कधी ‘वेळेआधी’ पोचतं. खरा आकडा हवा असेल तर फ्लाइटरडार२४ वर त्या विमानाचा क्रमांक टाका. मागच्या काही दिवसांत ते किती वाजता उडालं आणि किती वाजता टेकलं ते दिसतं. नेहमी उशिरा येणारं विमान ओळखायचा यापेक्षा सोपा उपाय नाही, आणि संध्याकाळच्या लग्नाला जायचं असेल तर हे बघितल्याशिवाय तिकीट काढूच नका.

ब्लॉक टाइमला नियमांतही अर्थ आहे. विमान रद्द झालं आणि कंपनीनं वेळेत कळवलं नसेल, तर नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांप्रमाणं भरपाई ब्लॉक टाइमवर ठरते: एक तासापर्यंत ५,००० रुपये, एक ते दोन तासांना ७,५०० आणि दोन तासांच्या वर १०,०००, किंवा मूळ भाडं अधिक इंधन आकार, यांतलं जे कमी असेल ते. म्हणजे बेंगळूर-मुंबईचा प्रवासी ७,५०० च्या गटात, दिल्लीचा १०,००० च्या. खराब हवामानासारख्या कंपनीच्या हाताबाहेरच्या कारणाला हे लागू नाही. अडीच तासांपर्यंतच्या प्रवासाला दोन तास किंवा जास्त उशीर होत असेल तर खाणंपिणं देणं कंपनीवर बंधनकारक आहे. काउंटरवर भांडण्यापेक्षा शांतपणे हा नियम सांगा, चहा-सँडविच लवकर येतं.

वारा आणि घड्याळ: आखातात जाणाऱ्यांसाठी

देशातल्या देशात वाऱ्यानं पाच-दहा मिनिटांचा फरक पडतो, सोडून द्या. दुबई-मस्कतला मात्र पडतो. हिवाळ्यात दहा-अकरा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडं जोराचा वारा वाहतो. समजा ताशी १०० किलोमीटर. ८३० वेगाचं विमान जाताना जमिनीच्या हिशोबानं ७३० नं जातं, येताना ९३० नं. दोन हजार किलोमीटरला जाताना २ तास ४४ मिनिटं, येताना २ तास ९ मिनिटं. पस्तीस मिनिटांचा फरक नुसत्या वाऱ्याचा. पावसाळ्यात दक्षिण भारतावर उंचावरचं वारं उलट, पूर्वेकडून वाहतं, त्यामुळं हा फरक आटतो.

मुंबई ते दुबई हवाई अंतर सुमारे १,९२५ किलोमीटर. पण तिकिटावर दुपारी ४ ला सुटून ५.४५ ला पोचणार असं दिसतं आणि घरचे म्हणतात, पावणेदोन तासांत दुबई! तिकिटावर दोन्ही ठिकाणची स्थानिक वेळ असते. दुबईचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागं. पावणेदोन अधिक दीड, सव्वातीन तास. येताना दीड तास वजा करायचा. लंडनला हा फरक हिवाळ्यात साडेपाच तास, उन्हाळ्यात साडेचार, कारण ते घड्याळं पुढं-मागं करतात.

आकाश बंद असलं तरी हिशोब बिघडतो. २०१९ मध्ये फेब्रुवारीच्या शेवटापासून जुलैच्या मध्यापर्यंत पाकिस्तानचं आकाश बंद होतं आणि दिल्लीहून युरोपला जाणाऱ्या विमानांना मोठा वळसा पडत होता. एप्रिल २०२५ मध्ये भारतीय विमानांवर पुन्हा तशी बंदी आली. युरोप-अमेरिकेचं तिकीट काढताना जुन्या प्रवासाची वेळ धरू नका, आत्ताचं वेळापत्रक बघा.

पाचवी पायरी, आणि खरी हीच: दारापासून दारापर्यंत

एका ओळीत सहा आकडे लिहा: घर ते विमानतळ, विमानतळावर आधी पोचायचा वेळ, ब्लॉक टाइम, सामान घेऊन बाहेर पडणं, तिथून मुक्कामापर्यंत, आणि अडचण आली तर हाताशी ठेवायचा वेळ. बहुतेक कंपन्यांचे देशांतर्गत काउंटर विमानाच्या एक तास आधी बंद होतात, म्हणून सांबऱ्याला दीड तास आधी पोचा. मोठ्या विमानतळावर दोन तास. परदेशी विमानाला तीन.

टिळकवाडीतला माणूस, जायचंय बेंगळूरच्या मॅजेस्टिकला, म्हणजे मुख्य रेल्वे स्टेशनच्या भागात. घर ते सांबरा बागलकोट रस्त्यानं पाऊण तास. दीड तास आधी. एटीआरचे १ तास २५ मिनिटं. बाहेर पडायला अर्धा तास. केंपेगौडा विमानतळ शहराच्या उत्तरेला लांब आहे, मॅजेस्टिकपर्यंत सव्वा ते दीड तास, संध्याकाळी जास्तच. बेरीज साडेपाच तास. यात हवेत तासभर. शेजारी म्हणतो ते हेच.

समोर काय आहे तेही मांडा. ऑगस्ट २०२५ पासून बेळगाव-बेंगळूर वंदे भारत सुरू झाली, ती दिवसाचे आठ-साडेआठ तास घेते, पण शहराच्या मधोमध सोडते. राणी चन्नम्मा एक्स्प्रेस रात्री झोपून नेते आणि एका रात्रीचं लॉजचं भाडं वाचवते. रात्रीच्या गाडीचे तास दिवसाच्या तासांइतके धरू नयेत असं माझं मत, कारण ते तास तुम्ही तसेही झोपेतच घालवणार होता.

आता निपाणी. निपाणीहून बेळगाव ७५ किलोमीटर, पुढं सांबरा दहा, म्हणजे पावणेदोन तास. त्याच निपाणीहून कोल्हापूरचा उजळाईवाडी विमानतळ चाळीस किलोमीटरच्या आत, पीबी रोडनं म्हणजे पुणे-बेंगळूर महामार्गानं पाऊण-एक तास. कोल्हापूर ते बेंगळूर हवाई अंतर ५३१ किलोमीटर, म्हणजे सांबऱ्यापेक्षा ८७ जास्त; एटीआरनं ब्लॉक टाइम फार तर पंधरा मिनिटांनी वाढतो. जमिनीवर तासभर वाचतो. अंतर लांब, पण प्रवास छोटा. निपाणी, चिकोडी, संकेश्वरच्या लोकांनी हा हिशोब प्रत्येक वेळी करावा. मुंबईसाठी तर कोल्हापूर सगळ्याच बाजूंनी पुढं: हवाई अंतर ३०८ किलोमीटर आणि घरापासून जवळ. तुमच्या तारखेला तिथून विमान आहे का, हाच काय तो प्रश्न.

कित्तूर, एम. के. हुबळी भागातून सांबरा आणि हुबळीचा गोकुळ रोड विमानतळ यांत रस्त्याच्या वेळेचा मोठा फरक नाही, तिथं भाडं आणि विमानाची वेळ बघून ठरवा. खानापूरकरांनी डोळे झाकून सांबरा धरावा, गोव्याचं तिकीट बरंच स्वस्त असेल तरच दुसरा विचार.

आणि गोव्याबद्दल सावध करायलाच हवं. सांबऱ्यापासून मोपा हवेतून फक्त ८२ किलोमीटर. हा आकडा बघून लोक फसतात. मधे सह्याद्री उभा आहे. चोर्ल्यातून जा नाहीतर आंबोलीतून, रस्ता एकशे दहाच्या पुढं आणि वेळ तीन तासांच्या आसपास. पावसाळ्यात धुकं, दरड, खड्डे. आणखी एक तास वर ठेवा. पहाटेच्या विमानासाठी रात्री घाट चढ-उतार करायचा आणि ड्रायव्हरला दुप्पट भाडं द्यायचं, यात तिकिटात वाचलेले दोन हजार सहज जातात. चारजणांचं कुटुंब असेल, टॅक्सीचं भाडं वाटलं जात असेल, तर मात्र मोपा किंवा दाभोळी परवडतं, आणि थेट विमानांची निवडही तिकडं मोठी आहे.

सांबऱ्यालाही पावसाळ्यात आणि थंडीच्या सकाळी ढग खाली उतरतात. वैमानिकाला धावपट्टी ठरावीक अंतरावरून दिसली नाही तर विमान दुसरीकडं वळतं. जुलै-ऑगस्टमध्ये कोर्टाची तारीख, मुलाखत, परीक्षा असेल तर त्याच दिवशीच्या विमानावर भरवसा ठेवू नका, आदल्या दिवशी जा.

सांबरा ते पुणे ३१० किलोमीटर. थेट विमान धरलं तरी दारापासून दारापर्यंत पावणेपाच तास होतात. गाडीनं सहा, पुणे-हुबळी वंदे भारतनं बेळगावपासून सहाच्या आसपास. एक-सव्वा तासासाठी एवढी उठाठेव? हवाई अंतर साडेतीनशेच्या आत असेल तर विमानाचा विचार जपून करावा, असा माझा ठोकताळा आहे. मुंबईला रस्त्यानं नऊ-दहा तास, तिथं विमान स्पष्ट जिंकतं.

जोडविमानाचा घोळ

बेंगळूर किंवा मुंबईत विमान बदलायचं असेल तर एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंग क्रमांकावर तिकीट काढा. सामान साधारणपणे शेवटच्या मुक्कामापर्यंत जातं आणि पहिलं विमान उशिरा आल्यामुळं दुसरं चुकलं तर पुढची सोय कंपनीनं करायची. दोन वेगळी तिकिटं स्वस्त पडतात, पण मग सामान घेऊन बाहेर या, पुन्हा द्या, पुन्हा तपासणी. मुंबईत टर्मिनल १ वरून २ ला जायचं तर बाहेर पडूनच. अशा वेळी मधे किमान चार तास ठेवा, परदेशी विमान असेल तर सहा. म्हाताऱ्या आई-वडिलांना मुलाकडं एकटं पाठवत असाल तर दोन वेगळी तिकिटं नकोच.

विमानांचं वेळापत्रक वर्षातून दोनदा बदलतं: मार्चच्या शेवटच्या रविवारी आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. बेळगावची काही विमानं याच सुमारास बंद होतात, काही नवी येतात, काहींचे वार बदलतात. दिवाळीचं तिकीट ऑगस्टमध्ये काढलं असेल तर ऑक्टोबरच्या शेवटी विमानाची वेळ पुन्हा एकदा तपासा, आणि कंपनीकडं स्वतःचा मोबाईल नंबर दिलाय की एजंटचा, तेही बघा. वेळ बदलल्याचा मेसेज त्याच नंबरवर येतो.